लाईट संपल्यावर काखेतली कातडी सुटली : किरणोपचाराची जखम कशी भरते, कुठे अडते?

परिचारिका_दिंडोरी

नमस्कार मंडळी. दिंडोरी-निफाड भागात घरोघरी जाऊन ड्रेसिंग करण्याचं काम आहे. किरणोपचारानंतरच्या जखमांबद्दल जाणकारांकडून नीट समजून घ्यायचं आहे, कारण भाजल्याचे किंवा मधुमेही पायाचे नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत असं दिसतं.

रुग्ण ५२ वर्षांच्या, वजन ५६ किलो. डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया, मग केमो, मग छातीला आणि काखेकडच्या भागाला किरणोपचार, ४० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), १५ बैठकांत. शेवटची बैठक होऊन ९ दिवस झाले. बैठका चालू होत्या तोवर कातडी फक्त काळवंडली होती. संपल्यावर पाचव्या दिवशी काखेच्या घडीत सोलायला लागली आणि आता साधारण ४ बाय ३ सेंटिमीटर जागा ओली आहे. वर पिवळट थर. ताप नाही, वास नाही. मधुमेह आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.८. मशेरी लावतात.

घरच्यांचं म्हणणं असं की लाईट, म्हणजे किरणोपचार, बंद झाली, आता तर जखम सुकायलाच हवी, मग ती वाढतेय म्हणजे काहीतरी चुकलंय. याचं खरं उत्तर काय द्यावं? पिवळा थर काढायचा का? घरात हळद-तूप, कोरफड आणि जांभळं औषध तिन्ही तयार ठेवलंय. आणि किती दिवस वाट पाहिल्यावर काळजी करायची?

पेशीशास्त्र_किरणोपचार

ताई, घरच्यांना आधी हे सांगा की चुकलेलं काही नाही. ही जखम आज तयार झालेली नाही. ती तीन-चार आठवड्यांपूर्वीच झाली होती, दिसायला आत्ता लागली.

बाह्यत्वचेचा सगळ्यात खालचा थर तळपेशींचा. तो पृष्ठभागापासून सरासरी ०.०७ मिलिमीटर खाली असतो. तिथल्या पेशी विभागतात, नव्या पेशी वर ढकलल्या जातात, चपट्या होतात आणि शेवटी कोंड्यासारख्या झडून जातात. तळापासून झडण्यापर्यंतचा प्रवास सुमारे चार आठवड्यांचा. किरणांमुळे पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे तुटतात, पण पेशी तिथल्या तिथे मरत नाही. बहुतेक तळपेशी पुढच्या वेळी विभागायला जातात तेव्हा मरतात. वरच्या थरातल्या पेशींना आता विभागायचंच नसतं, म्हणून त्या शाबूत राहतात आणि कातडी वरून धड दिसते. वरून रोजची झड चालू आणि खालून भरती बंद, अशी ती स्थिती असते. साठा संपला की पृष्ठभाग उघडा पडतो.

१५ बैठका म्हणजे तीन आठवडे. म्हणजे साठा संपायची वेळ नेमकी उपचार संपल्यानंतर येते. बहुतेकांमध्ये त्रासाचं शिखर शेवटच्या बैठकीनंतर एक ते दोन आठवड्यांत असतं. पूर्वी ५० ग्रे २५ बैठकांत, पाच आठवडे देत, तेव्हा सोलणं उपचार चालू असतानाच सुरू व्हायचं. ज्या घरात कुणी जुन्या पद्धतीने लाईट घेतली असेल, त्यांना आताचा उशीर म्हणूनच विचित्र वाटतो.

भाजलेल्या जखमेशी इथेच फरक पडतो. उकळतं पाणी पडलं की प्रथिनं जागच्या जागी गोठतात आणि किती जळलं ते दोन-तीन दिवसांत बऱ्यापैकी कळतं. किरणांची जखम लाटांनी येते. पहिली लाली काही तासांत येऊन एक-दोन दिवसांत जाते, ती केशवाहिन्या रुंदावल्याची. खरी लाली १० ते १४ दिवसांनी. मग कोरडी साल, मग ओली साल. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, रंग तपकिरी किंवा जांभळट होतो आणि पहिली पायरी नजरेतून निसटते. म्हणून बोटांच्या मागच्या बाजूने ऊब तपासावी आणि दुसऱ्या काखेशी ताडून पाहावी. पुस्तकांतली चित्रं बहुधा गोऱ्या कातडीची असतात, त्यांवर विसंबू नये.

आता भरणं. ओली साल म्हणजे तळपेशींचा थर रिकामा झालेला, पण खालची अंतस्त्वचा जागेवर असलेली जखम. नव्या पेशी दोन ठिकाणांहून येतात: कडेकडून, आणि केसांच्या मुळांत वाचलेल्या मूळपेशींतून. त्यामुळे चांगली भरणारी जखम कडेने आत सरकतेच, शिवाय मधेमधे मोहरीएवढे गुलाबी-पांढुरके ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे बेटं. रोज ती मोजा, फोटो काढा. बेटं वाढून एकमेकांना मिळाली की जखम मिटली. साधारण दोन ते चार आठवडे लागतात.

१९०१ मध्ये पिएर क्यूरी यांनी रेडियमचं द्रव्य स्वतःच्या दंडावर दहा तास ठेवून पाहिलं होतं. त्यांनी नोंदवलंय की ४२व्या दिवशी कडेने नवी साल मधल्या भागाकडे सरकू लागली, आणि ५२व्या दिवशीही साधारण एक चौरस सेंटिमीटर जागा उघडीच होती, राखाडी रंगाची, म्हणजे तिथली इजा खोलवर गेलेली. एकाच जखमेत दोन प्रकार: कडेला फक्त साल गेलेली, मध्यभागी खालची जमीनही गेलेली. आजही जखमेपुढे उभं राहून पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो.

साध्या जखमेत गोठण, दाह, भरण आणि डागडुजी हे टप्पे एकामागून एक उरकतात. किरणं लागलेल्या जागी दाह वेळेवर आवरत नाही. टीजीएफ-बीटा हा वाढघटक काम झाल्यावर खाली यायला हवा, तो वरच राहतो. कोलॅजनचे तंतू बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी कमी उरतात. ज्या उरतात त्यांतल्या काही म्हाताऱ्या होऊन नुसत्या बसतात आणि काही आकुंचन पावणाऱ्या प्रकारात बदलून कोलॅजन ओतत राहतात. केशवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावलेलं असल्याने नव्या वाहिन्या फुटायला उशीर होतो. तुमच्या रुग्णाची साखर वर आहे, त्यामुळे पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं. मशेरीतल्या निकोटिनने उरलेल्या वाहिन्याही आवळल्या जातात. मशेरी दातांना लावतात, पण निकोटिन रक्तात जातंच. या पूर्ण यादीत आजपासून आपल्या हातात असलेल्या गोष्टी दोनच, साखर आणि मशेरी. त्यावर ड्रेसिंगइतकाच वेळ खर्च करा.

काळजी कधी करायची? दोन आठवड्यांत एकही बेट दिसलं नाही, किंवा कड जागची हलली नाही, तर किरणोपचार विभागात दाखवा. चार आठवडे उलटून उघडी असेल तर वाट पाहूच नका. आणखी एक: यानंतर त्यांना केमोच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू होणार असेल तर ही जखम आधी कॅन्सरतज्ज्ञांच्या कानावर घाला. डोसिटॅक्सेल, पॅक्लिटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिन, जेमसिटाबिन, कॅपेसिटाबिन यांसारख्या औषधांनी मिटलेली जागाही नेमकी किरणक्षेत्राच्या चौकटीत पुन्हा पेटू शकते. काही आठवड्यांनी किंवा काही वर्षांनीसुद्धा.

जखम_आणि_ड्रेसिंग

वरचं सगळं बरोबर. मी फक्त हाताने करायच्या गोष्टी सांगते.

पिवळा थर काढू नका ताई. ९व्या दिवशी, वास नाही, ताप नाही, म्हणजे तो फायब्रिन, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा थर आहे, पू नव्हे. त्याच्याखालून पेशी सरकताहेत. खरवडला की बेटंही निघून येतील आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. सलाईनने आपोआप सुटेल तेवढाच जाऊ द्यायचा.

धुणं: ०.९ टक्क्याचं सलाईन, खोलीच्या तापमानाचं. खेड्यात बाटली मिळाली नाही तर एक लिटर पाणी दहा मिनिटं उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे छोटा चमचा सपाट भरून साधारण दीड; झाकून थंड करा, २४ तासांनी उरलेलं फेका. २० मिलिलिटरच्या सिरिंजने हलक्या हाताने सोडा, सुई नको. कापसाने पुसायचं नाही, तंतू चिकटतात. शेजारची धड कातडी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवायला हरकत नाही. अंघोळच बंद करून ठेवण्याची पद्धत अजून काही घरांत आहे, तिने घडीत घाम आणि जंतू साचतात. पण घाटावर, रामकुंडात किंवा विहिरीच्या पाण्यात बुडी नको, कातडी पूर्ण मिटेपर्यंत.

बीटाडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट यातलं काहीही उघड्या जागेवर ओतायचं नाही. जंतूंबरोबर कोवळ्या पेशीही मरतात, आणि इथे मुळातच त्या मोजक्या उरल्यात.

मग आच्छादन. सगळ्यात आत न चिकटणारी जाळी. सिलिकॉनची परवडली तर उत्तम, ती तीन-चार दिवस जागेवर ठेवून वरचंच बदलता येतं. नाहीतर पॅराफिन गॉज, पण ती सुकते म्हणून रोज बदला. त्यावर फोम किंवा गॉजचा जाड पॅड. फोमवरचा डाग कडेपासून एक सेंटिमीटरवर आला की बदलायचा. साधारण दोन-तीन दिवस जातात, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्याआधीच. कातडीवर चिकटपट्टी कधीही नाही! किरणक्षेत्राबाहेरची कड नेमकी कुठे आहे ते डोळ्याला दिसत नाही आणि पट्टी काढताना तिच्यासोबत साल येते. जाळीदार नळीचं बँडेज किंवा सैल सुती बनियन घालून पॅड धरून ठेवा. ब्लाउजची शिवण काखेत येते, म्हणून जखम पूर्ण मिटेपर्यंत ब्लाउज नको, नवऱ्याचा जुना सुती सदरा सगळ्यात सोयीचा. हात बाजूला घेऊन बसताना कोपराखाली उशी दिली की घडी उघडी राहते.

चिकटलेली जाळी ओढू नका. सलाईनमध्ये पाच-दहा मिनिटं भिजू द्या. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिलेलं असेल तर ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावं, नंतर देऊन उपयोग कमी.

जांभळं औषध, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट. आपल्याकडे वर्षानुवर्षं लावलं जातं, स्वस्त आहे, आणि लावणाऱ्याला समाधान मिळतं की जागा 'सुकली'. पण सुकणं आणि भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या कातडीवर दाखवून दिलं की ओलसर ठेवलेली उथळ जखम उघड्यावर सुकवलेल्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने झाकली जाते, कारण सुकलेल्या खपलीखाली पेशींना खोलातून वाट काढावी लागते. काखेत तर खपली हात हलवला की तडकते. शिवाय सगळं जांभळं झाल्यावर बेट कुठलं नि पू कुठला, काही कळत नाही. हायड्रोजेल, म्हणजे पाणीदार जेलच्या ड्रेसिंगशी तुलना झाली तेव्हा जेन्शियन व्हायोलेट मागे पडलं.

सिल्व्हर सल्फाडायझिन १ टक्का: संसर्गाची शंका असली तर डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी आधी विचारा. याचा पांढरट चिकट थर तयार होतो, तो पुवासारखा दिसतो आणि रोज धुवून काढावा लागतो. नुसतं 'असू दे' म्हणून लावायचं औषध नाही.

हळद-तूप उघड्या जागी नको. हळदीत दाह कमी करणारा गुण आहे यात वाद नाही, पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण जखमेत रुततात आणि तुपाचा थर स्राव अडवतो. कोरफड धड कातडीवर थंड वाटते, चालेल, पण चाचण्यांमध्ये तिने ओली साल टळल्याचं ठामपणे दिसलेलं नाही. घरच्यांना तोडून बोलू नका. कोरफड शेजारच्या न सोललेल्या कातडीला लावू द्या, म्हणजे त्यांच्याही हाताला काम राहतं.

संसर्गाची लक्षणं लिहून द्या घरी: दुखणं कमी व्हायचं ते वाढणं, लाली-ऊब कडेबाहेर पसरणं, हिरवट स्राव, वास, ताप. हिरवट स्राव आणि गोडसर वास म्हणजे स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग धरून चाला. घडीत खाज आणि मुख्य जागेबाहेर सुटे लाल पुरळ दिसले तर बुरशी, त्याला अँटिबायोटिक देऊन उलट वाढते. मधुमेहात हे फार होतं.

खाणं. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ५६ किलोला दिवसाला ६७ ते ८४ ग्रॅम. नुसत्या वरण-भातावर हे होत नाही. अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५च्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांत ७. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या धसक्याने रुग्ण जेवणच कमी करतात, त्याने साखर थोडी उतरते आणि जखम उपाशी राहते.

परिचारिका_दिंडोरी

मनापासून आभार. पिवळा थर आज काढणारच होते.

दोन शंका उरल्या. काखेतच का? छातीवर तर तितकंच दिलं असेल ना. आणि काही रुग्णांना बैठका चालू असताना क्रीम लावू नका म्हणतात, काहींना लावा म्हणतात.

दुसरी रुग्ण जरा वेगळी आहे. सिन्नरकडच्या, स्तनाच्याच, पण लाईट घेऊन सात वर्षं झाली. बरगड्यांवर रुपयाएवढी जखम, पाच महिने मिटत नाही. सुरुवात ब्लाउजच्या हुकाने ओरखडलं तिथून. हिलाही हेच ड्रेसिंग चालवायचं का?

मात्रा_मोजणारा

पहिल्या दोन शंका माझ्या कामातल्या आहेत.

६ मेगाव्होल्टच्या किरणांची सर्वाधिक मात्रा पृष्ठभागावर पडत नाही, साधारण दीड सेंटिमीटर आत पडते. कोबाल्टच्या जुन्या यंत्रात अर्धा सेंटिमीटर. म्हणजे कातडीला उघड्या जागी निसर्गतः सूट मिळते. पण काखेच्या घडीत कातडीवर कातडी टेकते, वरची घडी खालच्या घडीसाठी 'आत' नेणारा थर बनते आणि सूट संपते. स्तनाखालची घडी, जांघ, मानेच्या वळ्या, सगळीकडे हेच. किरण तिरपे लागले तरी कातडीची मात्रा वाढते, आणि छातीला ते तिरपेच देतात. वर घाम आणि घर्षण. काही रुग्णांत तर कातडीलाच पूर्ण मात्रा मिळावी म्हणून छातीवर अर्धा ते एक सेंटिमीटर जाडीची जेलची चादर मुद्दाम ठेवतात. उपचाराच्या कागदावर 'बोलस' असं लिहिलेलं असेल तर तिथली कातडी जास्त पेटणार हे आधीच गृहीत धरा.

क्रीमच्या बाबतीत तर्क हाच, की जाड थर म्हणजे छोटी चादर. पण मोजून पाहिल्यावर कळलं की एक-दोन मिलिमीटरच्या पातळ थराने, अगदी झिंक किंवा चांदी असलेल्या मलमानेही, फरक नगण्य पडतो. तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड थापलं तर पृष्ठभागाची मात्रा वाढते. म्हणून रोज लावायला हरकत नाही, बैठकीच्या वेळी लोण्यासारखं थापलेलं नको. धातू असलेलं ड्रेसिंग बैठकीपूर्वी काढायचं. आणि आखलेल्या खुणा पुसू द्यायच्या नाहीत. पुसल्या तर घरी पेनने परत काढायच्या नाहीत, विभागात कळवायचं.

धड कातडीवर मोमेटासोन हे स्टेरॉइड मलम, ०.१ टक्का, दिवसातून एकदा, पहिल्या बैठकीपासून ते संपल्यावर एक-दोन आठवडे, यामागे चांगला पुरावा आहे, विशेषतः स्तनाच्या रुग्णांत. बोटाच्या एका पेरावर मावेल तेवढं, सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. साल सुटून ओलं झालं की त्या जागेवर बंद.

विषय निघालाच आहे तर एक गंभीर गोष्ट नोंदवतो, कारण नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात कारखाने आहेत आणि वेल्डिंग तपासायला जगभर इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी स्रोत वापरतात. असा स्रोत चुकून हातात किंवा खिशात आला तर मात्रा सगळी एकदाच, आणि कातडीजवळ प्रचंड. पहिल्या दिवशी हात धड दिसतो. मग लाली, फोड, थोडं बरं वाटणं, आणि पुन्हा मृत ऊतीची लाट. दिसेल तेवढंच कापून कलम लावलं की कडेने परत सडत जातं, म्हणून असे रुग्ण बोटं एक-एक पेराने गमावत जातात. २००५ मध्ये चिलीत असा अपघात झाला तेव्हा रुग्णाला फ्रान्समध्ये नेऊन आधी मात्रेचा नकाशा काढला, त्यानुसार डोळ्यांना धड दिसणारा भागही काढला, आणि त्याच्याच मज्जेतल्या मूळपेशी वाढवून टोचल्या. कामगाराच्या हातावर कारण न सापडणारी लाली किंवा फोड असेल तर 'भाजलं असेल' म्हणण्याआधी कामाचं स्वरूप विचारा.

प्लास्टिक_सर्जन_नाशिकरोड

सिन्नरच्या रुग्णाला हेच ड्रेसिंग चालवू नका. दोन्ही जखमा एकाच उपचाराच्या असल्या तरी आजार वेगळे आहेत.

पहिल्या बाईंमध्ये बी, म्हणजे तळपेशी, संपलंय; जमीन, म्हणजे खालची अंतस्त्वचा, शाबूत आहे. सिन्नरच्या बाईंमध्ये जमीनच गेली. तीन महिन्यांनंतर दिसणाऱ्या परिणामांना आम्ही उशिराचे म्हणतो आणि ते वर्षानुवर्षं पुढे सरकत राहतात. बारीक धमन्यांच्या भिंती आतून जाड होऊन मार्ग बुजत जातो, केशवाहिन्या विरळ होतात, उरलेल्या फुगून कोळ्याच्या जाळ्यासारख्या वर दिसतात, खाली कोलॅजनचा टणक पट्टा. रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ मध्ये जबड्याच्या हाडाबद्दल सांगितलेली त्रिसूत्री इथेही लागू पडते: प्राणवायू कमी, पेशी कमी, रक्तवाहिन्या कमी. अशी कातडी आराम करत असताना कशीबशी जगते. ओरखडा भरायला लागणारं जास्तीचं रक्त ती आणूच शकत नाही. हुकाचं निमित्त झालं, एवढंच.

पण त्याआधी एक गोष्ट. सात वर्षांनी उघडलेली, पाच महिने न मिटणारी जखम म्हणजे आधी कॅन्सर नाही हे सिद्ध करायचं. मूळ आजार परतलेला असू शकतो, जुन्या व्रणातून उगवणारा त्वचेचा कॅन्सर असू शकतो. कडेला किंवा आसपास मार लागल्यासारखे जांभळे डाग असतील तर रक्तवाहिन्यांचा कॅन्सर, सार्कोमा, जो स्तनाच्या किरणोपचारानंतर नेमका याच काळात दिसतो. कडेचे दोन-तीन तुकडे तपासायला हवेत, आणि ते तिथेच घ्यावेत जिथे पुढे शस्त्रक्रिया करता येईल. या कातडीत प्रत्येक छेद नवी जखम होऊ शकतो, म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात 'बघू या' म्हणून कापायला देऊ नका. सीटी स्कॅनही हवा: खाली बरगडी मेलेली असेल तर वरून काहीही लावा, मिटणार नाही.

कॅन्सर नाही असं ठरलं, जखम लहान आणि हाड झाकलेलं असेल तर काही महिने औषधांचा प्रयत्न करता येतो. रक्तप्रवाह सुधारणारं पेंटॉक्सिफायलिन ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जेवणानंतर आणि सोबत ई जीवनसत्त्व १००० युनिट रोज, किमान सहा महिने. टणकपणा यावर हळूहळू कमी होतो. दोन महिन्यांत 'फरक नाही' म्हणून सोडलं तर मिळवलेलंही जातं. नुकताच मेंदूत किंवा डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालेल्यांना हे द्यायचं नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांनीच ठरवावं.

मोठी किंवा खोल असेल तर शस्त्रक्रिया, आणि इथे सगळ्यात जास्त चुका होतात. मांडीची पातळ साल काढून अशा जागेवर लावली तर ती टिकत नाही. तुमच्या भागात हे समजावणं सोपं आहे. द्राक्षाचं कलम खुंटाच्या रसावर जगतं. खुंट वाळलेला असेल तर डोळा कितीही चांगला भरा, फुटणार नाही. त्वचारोपणाची साल पहिले काही दिवस खालच्या जागेतून झिरपणाऱ्या द्रवावर आणि मग तिथून आत शिरणाऱ्या वाहिन्यांवर जगते. इथे दोन्ही नाही. म्हणून स्वतःची धमनी आणि शीर घेऊन येणारा स्नायू-त्वचेचा तुकडा आणावा लागतो, मुळांभोवतीच्या मातीसकट रोप उचलावं तसा. छातीसाठी पाठीचा लॅटिसिमस स्नायू नेहमीचा, पण काखेतली शस्त्रक्रिया आणि किरणं दोन्ही झालेल्यांत त्याची धमनी आधी तपासावी लागते, कारण ती तिथूनच जाते. नसेल तर पोटाचा स्नायू किंवा पोटातली चरबीची झालर, ओमेंटम. रोगट भाग कडेने ताजं रक्त येईपर्यंत काढायचा. कंजूषपणा करून टणक कड ठेवली आणि तिथे टाके घातले तर टाके नवव्या-दहाव्या दिवशी उकलतात. टाकेही घाईने काढायचे नाहीत, दोन ते तीन आठवडे ठेवायचे.

पेशीशास्त्र_किरणोपचार

सर, सहमत. एक भर घालतो, कारण नातेवाईक इंटरनेटवर वाचून हाच प्रश्न आणतात: दाबाखालचा प्राणवायू. बंद कक्षात २ ते २.४ पट वातावरणीय दाबाला शुद्ध प्राणवायू, रोज ९० मिनिटं, आठवड्यात पाच दिवस, अशा ३० ते ४० बैठका. तत्त्व असं की धड ऊती आणि भुकेली ऊती यांतली प्राणवायूची दरी तीव्र झाली की कडेकडून नव्या वाहिन्या आत फुटतात. काही उशिराच्या जखमांत फायदा दिसतो. पण ब्रिटनमध्ये जबड्याच्या रुग्णांवर झालेल्या होपॉन चाचणीत, २०१९ मध्ये निकाल आला, दात काढण्याआधी-नंतर हा उपचार देऊन हाड सडणं कमी झालं नाही. तेव्हा मेलेलं हाड किंवा बुजलेली धमनी यावर हा पर्याय नाही. शस्त्रक्रियेच्या जोडीला विचार होऊ शकतो. कर्ज काढून करण्याआधी प्लास्टिक सर्जनना विचारलेलं असावं, एवढं रुग्णाला जरूर सांगा.

तुमच्या ताज्या जखमेला याची अजिबात गरज नाही.

परिचारिका_दिंडोरी

सिन्नरच्या बाईंना या आठवड्यात तपासणीला पाठवते. पहिल्या बाईंचा शेवटचा प्रश्न: बागेत कामाला कधी जाऊ?

जखम_आणि_ड्रेसिंग

नुसती मिटली म्हणजे तयार झाली असं नाही ताई. नवी साल आधी कागदासारखी पातळ आणि चकचकीत असते, तिला खालच्या थराशी घट्ट बसायला वेळ लागतो. पूर्ण मिटल्यावर निदान तीन-चार आठवडे मांडवाखालचं काम नको. द्राक्षबागेत दिवसभर दोन्ही हात डोक्यावर असतात, काखेची साल ताणली जाते आणि घामाने घासते. तिथेच पुन्हा फाटते. मात्र खांदा आखडू नये म्हणून हात वर नेण्याचे शिकवलेले व्यायाम हळूहळू चालू राहू देत, ताण जाणवेपर्यंत, दुखेपर्यंत नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना लावतात ते हायड्रोजन सायनामाइड धड कातडीलाही चावतं. ते लावण्याचं काम आणि बोर्डो या बुरशीनाशकाची फवारणी या हंगामात दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा. पाठीवरचा पंपही नको, त्याचा पट्टा नेमका किरणक्षेत्रावरून जातो. बसून करायची कामं, घड निवडणं, पेट्या भरणं, आधी सुरू करता येतील, सावलीत आणि लांब बाह्यांचा सैल सुती सदरा घालून. त्या जागेला ऊन लागू द्यायचं नाही, ही काळजी मात्र कायमची.